रुपया माळावर पोचतो कसा

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यात बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके एकमेकांना लागून आहेत. बाहेरच्या माणसाला इथला ऊस दिसतो, माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी ही कारखान्यांची नावे कानावर येतात आणि सारा मुलूख हिरवागार असावा असे वाटते. प्रत्यक्षात इथे पाऊस पडतो तो वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास. जी हिरवळ आहे ती नीरा डाव्या कालव्याची, म्हणजे 1880च्या दशकात आलेल्या पाण्याची, आणि इंदापूरच्या बाजूला उजनी धरणाच्या फुगवट्याची. कालव्याच्या वरच्या अंगाला, पाटाचे पाणी चढत नाही तिथे जिरायत सुरू होते. बांधाच्या अलीकडे ऊस आणि पलीकडे करपलेली बाजरी, असे चित्र इथे एकाच गावात दिसते.

या जिरायत पट्ट्यात गेली पन्नासहून अधिक वर्षे संस्था काम करत आल्या आहेत. पाझर तलाव, शेततळी, ठिबक, बचत गट, ऊसतोड कामगारांच्या मुलांचे शिक्षण, महिलांची आरोग्य शिबिरे अशी ही कामे. उद्घाटनाच्या फोटोत अध्यक्ष असतात, सरपंच असतात, निधी देणाऱ्या कंपनीचे पाहुणे असतात. ज्या माणसाच्या कामावाचून त्या तलावात एक घमेले मातीही हलली नसती, तो बहुधा त्या फोटोत नसतो. तो कचेरीत बसून त्याच कामाची बिले तपासत असतो. हा संस्थेचा वित्त व्यवस्थापक. गावात त्याला ‘अकाउंटवाले साहेब’ किंवा ‘मॅडम’ म्हणतात. त्याचे काम किती गुंतागुंतीचे आहे हे समजून घेतले की थक्क व्हायला होते.

बारामतीत या कामाची सुरुवात पैशापेक्षा धान्यापासून झाली. दुष्काळाच्या वर्षांत आप्पासाहेब पवार आणि शरद पवार यांनी पाझर तलावांची कामे हाती घेतली, तेव्हा ‘कासा’ या ख्रिस्ती मदतसंस्थेकडून कामाच्या बदल्यात धान्य मिळाले. तलाव खोदणाऱ्यांना मजुरी म्हणून धान्य आणि तेल. यातूनच 1971 साली अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट उभा राहिला. त्याचा शारदानगर हा परिसर माळेगावजवळ आहे, आणि 1992 पासून भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे कृषी विज्ञान केंद्रही याच ट्रस्टकडे आहे. 1972 मध्ये बारामतीतच विद्या प्रतिष्ठानची स्थापना झाली.

धान्याच्या रूपाने आलेल्या मदतीचा हिशोब हा हिशोबनिसाच्या परीक्षेचा पहिला पेपर म्हटला पाहिजे. पैसा बँकेत पडून राहिला तर कुजत नाही, गहू कुजतो. म्हणून अशा कामात दोन वह्या समोरासमोर ठेवाव्या लागतात. एका वहीत धान्याचा साठा: आरंभीची शिल्लक, आलेली पोती, वाटलेली पोती, घट, अखेरची शिल्लक. दुसऱ्या वहीत मजुरांचा हजेरीपट: नाव, गाव, किती दिवस काम, किती घनमीटर माती, किती धान्य दिले, सही किंवा अंगठा. दोन्ही वह्यांतली वाटपाची बेरीज तंतोतंत जुळली पाहिजे. तिसरी कसोटी प्रत्यक्ष तलावावर लागते. खोदलेल्या खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली मोजून माती किती निघाली ते काढायचे आणि तेवढ्या मातीला तेवढे धान्य लागते का ते पाहायचे. साठा, हजेरी आणि मोजमाप या तीन कागदांचा ताळमेळ आजही या व्यवसायाचा कणा आहे. धान्याच्या जागी ऑनलाइन बँक व्यवहार आले आहेत, इतकेच.

आता अशा संस्थेचे कायद्यातले रूप पाहू, कारण वित्त व्यवस्थापकाच्या अर्ध्या अडचणी तिथून सुरू होतात. संस्थेला मालक नसतो. विश्वस्त असतात, पण नफा वाटून घेण्याचा हक्क त्यांना नाही. कारखान्यात चूक झाली तर सभासद किंवा भागधारक जाब विचारतात. इथे ज्यांच्यासाठी काम चालते त्या माणसांच्या हातात मताचा कागद नसतो. म्हणून त्यांच्या वतीने विचारणारी यंत्रणा कायद्याने उभी केली. महाराष्ट्रात ती 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाने केली आणि तिच्या शिरोभागी धर्मादाय आयुक्त बसवले. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली संस्थाही महाराष्ट्रात या कायद्याखाली विश्वस्त व्यवस्था म्हणून नोंदली जाते. आपल्याकडच्या अनेक संस्थांच्या लेटरहेडवर दोन-दोन नोंदणी क्रमांक दिसतात ते यामुळे. ‘एफ’ने सुरू होणारा क्रमांक अशा संस्थेचा, ‘ई’ने सुरू होणारा नुसत्या धर्मादाय ट्रस्टचा.

या कायद्याने ताळेबंदाचा नमुनाही ठरवून दिला. अनुसूची आठमध्ये ताळेबंद आणि अनुसूची नऊमध्ये उत्पन्न-खर्च पत्रक. ताळेबंदात सर्वांत वर कायम निधी, म्हणजे ज्याच्या मुद्दलाला हात लावायचा नाही असा पैसा. त्याखाली विशिष्ट कामासाठी राखून ठेवलेले निधी. खर्चाच्या बाजूला संस्थेच्या उद्दिष्टांवरचा खर्च पाच शीर्षांत विभागायचा: धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय मदत, गरिबी निवारण आणि इतर धर्मादाय. भवानीनगरजवळ ऊसतोड महिलांसाठी घेतलेले आरोग्य शिबिर एका शीर्षात जाते, त्याच महिलांच्या मुलांची वसतिशाळा दुसऱ्या शीर्षात, आणि त्याच गावातले शेततळे तिसऱ्यात. गावाच्या दृष्टीने ते सारे एकच काम असते. वहीत मात्र त्याचे धागे वेगळे काढावे लागतात.

या कामाचे सर्वांत मोठे आश्चर्य हेच आहे. दुकानदाराच्या गल्ल्यातला रुपया दुसऱ्या रुपयासारखाच असतो. संस्थेच्या बँकखात्यातला प्रत्येक रुपया आपली अट बरोबर घेऊन आलेला असतो. एका शेतकऱ्याने आईच्या स्मरणार्थ दिलेले पैसे कायम निधीत जातात, त्याचे फक्त व्याज वापरायचे. कंपनीने शेततळ्यासाठी दिलेला पैसा शेततळ्यालाच लावायचा, आणि तोही ठरलेल्या गावात. सरकारी अनुदान ठरलेल्या लेखाशीर्षाखालीच खर्च करायचे; वेतनाचे पैसे प्रवासभत्त्याकडे वळवता येत नाहीत, आणि त्या अनुदानावर बँकेने दिलेले व्याजही सरकारलाच परत करायचे. परदेशातून आलेल्या पैशाचे खाते तर नवी दिल्लीतच उघडावे लागते. हे सारे पैसे एकाच संस्थेचे, एकाच इमारतीतल्या माणसांनी हाताळायचे, आणि तरी एकमेकांत मिसळता कामा नयेत. चार विहिरींचे पाणी एकाच पाइपातून नेऊन पुन्हा चार हौदांत ज्याचे त्याला वेगळे काढण्यासारखे हे काम आहे.

कंपनीच्या पैशाचा प्रवास उदाहरणादाखल घेऊ. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 नुसार पाचशे कोटींची निव्वळ मालमत्ता, हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा नफा यांपैकी एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. 1 एप्रिल 2014 पासून हे लागू झाले. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत मोठे कारखाने आहेत, पुण्या-मुंबईत तर आहेतच, आणि त्यांच्या या निधीतून बारामती-इंदापूरच्या गावांत कामे होतात. संस्थेला हा पैसा घ्यायचा तर आधी कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे नोंदणी करून क्रमांक मिळवावा लागतो. ही अट 1 एप्रिल 2021 पासूनची.

समजा, इंदापूर तालुक्यातल्या एखाद्या गावात जुन्या पाझर तलावाचा गाळ काढायचा आहे. काम जेसीबीचे आहे. जेसीबी तासावर चालतो, म्हणून यंत्रावरच्या मीटरचा सकाळचा आकडा आणि संध्याकाळचा आकडा लॉगबुकात लिहिला जातो. चालकाची सही, शेजारी गावच्या पाणी समितीच्या सदस्याची सही. गाळ कोणाच्या शेतात किती ट्रॉल्या गेला याची वेगळी यादी, तिच्यावर शेतकऱ्यांच्या सह्या. काम सुरू होण्याआधी तीन दरपत्रके, त्यांचा तुलनात्मक तक्ता, खरेदी समितीचा ठराव. काम संपल्यावर बिल. बिलातले तास आणि लॉगबुकातले तास जुळतात का, लॉगबुकातले तास आणि खोदाईचे मोजमाप जुळते का, हे पाहून मग बिल मंजूर. त्यातून आयकराची कपात, ती पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत सरकारजमा. उरलेली रक्कम ठेकेदाराच्या खात्यात. खात्याचे नाव आणि बिलावरचे नाव एकच हवे. भावाच्या खात्यात टाका म्हटले तर नाही म्हणायचे.

या कागदांवरून संस्था उपयोगिता प्रमाणपत्र तयार करते, त्यावर सनदी लेखापालाची सही होते आणि ते कंपनीकडे जाते. कंपनी कायद्याच्या नियमांनुसार कंपनीच्या मुख्य वित्त अधिकाऱ्याला आपल्या संचालक मंडळापुढे प्रमाणित करावे लागते की दिलेला पैसा ठरलेल्या कामासाठी, ठरल्या पद्धतीने वापरला गेला. म्हणजे महानगरातल्या सभागृहात होणारी ती सही इंदापूरच्या माळावर, उन्हात, जेसीबीच्या बॉनेटवर वही ठेवून केलेल्या सहीवर उभी असते. मधली एक कडी निसटली तर वरचे सारे निसटते. ही साखळी रोज शाबूत ठेवणे हे वित्त व्यवस्थापकाचे काम.

त्या पैशातून काही टिकाऊ उभे राहिले तर ते कोणाचे, हाही प्रश्न असतो. कंपनी त्याची मालक होऊ शकत नाही. ते नोंदणीकृत संस्थेच्या, लाभार्थींच्या गटाच्या किंवा सार्वजनिक यंत्रणेच्या नावावर असावे लागते. गावातल्या बचत गटाला पिठाची गिरणी दिली तर हस्तांतराचा कागद, गटाचा ठराव, यंत्राचा क्रमांक आणि जागेचा फोटो हे सारे फायलीत लागते. पुढे तीन वर्षांनी कोणी विचारायला आले तर गिरणी कुठे आहे ते त्या फायलीवरून कळले पाहिजे.

मोठ्या बिलांपेक्षा लहान खर्च अवघड, असे या क्षेत्रातली माणसे सांगतात, आणि ते खरे आहे. बारामतीहून संस्थेची जीप सकाळी निघते, लासुर्ण्यात महिलांच्या प्रशिक्षणाला थांबते, तिथून भिगवणला मच्छीमारांच्या बैठकीला जाते आणि संध्याकाळी परत येते. प्रशिक्षणाचा पैसा एका देणगीदाराचा, बैठकीचा दुसऱ्याचा. डिझेल कोणाच्या नावे? समजा गाडी 110 किलोमीटर फिरली, त्यातले 70 पहिल्या कामाचे आणि 40 दुसऱ्या कामाचे. मग 1,100 रुपयांच्या डिझेलपैकी 700 एका प्रकल्पात आणि 400 दुसऱ्या प्रकल्पात. यासाठी चालकाने प्रत्येक थांब्याला लॉगबुकात किलोमीटर लिहिले पाहिजेत. चालकाचा पगार, कार्यालयाचे वीजबिल, खुद्द वित्त व्यवस्थापकाचा पगार, सगळ्यांची हीच वाटणी. त्याचे सूत्र वर्षाच्या सुरुवातीला ठरवून लेखी ठेवायचे आणि वर्षभर तेच पाळायचे.

प्रशिक्षणाला चाळीस बायका आल्या, चहा आणि पोहे झाले. चहावाल्याकडे छापील बिल नाही. मग हाताने व्हाउचर करायचे: कशासाठी, किती कप, काय दर, चहावाल्याचे नाव, मोबाइल आणि सही. पाच हजारांच्या वरची पावती असेल तर एक रुपयाचे महसूल तिकीट. हजेरीपटावर सह्या अडतीसच असतील आणि बिल पंचेचाळीस कपांचे असेल, तर कार्यकर्त्याला फोन करून विचारायचे. उत्तर साधेच असते: दोघींची सही करायची राहिली, चौघे ग्रामपंचायतीतून आले होते, एक चालक. ते उत्तर व्हाउचरच्या मागे लिहून ठेवायचे. एका माणसाला एका दिवसात दहा हजारांहून अधिक रोख दिली, तर तो खर्च आयकराच्या दृष्टीने धर्मादाय कामावर झाला असे धरत नाहीत. म्हणून मंडपवाल्यालाही बँकेतूनच पैसे द्यावे लागतात. गावपातळीच्या कार्यकर्त्याला आगाऊ दिलेली रक्कम, जिला सरकारी भाषेत तसलमात म्हणतात, तिचा हिशोब आल्याशिवाय दुसरी तसलमात द्यायची नाही, हा नियम चांगल्या संस्थेत अध्यक्षालाही लागू असतो.

सर्वांत जीवघेणी गोष्ट म्हणजे कॅलेंडर. सरकारचे आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. उसाचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. मराठवाड्यातून आलेल्या टोळ्यांच्या मुलांसाठी शाळा चालवायची तर पैसा दिवाळीच्या सुमारास हातात हवा. तलावाचा गाळ काढायचा तर तो पाऊस येण्याआधी, म्हणजे एप्रिल-मेमध्ये. नेमके याच दोन महिन्यांत जुन्या वर्षाचे हिशोब बंद व्हायचे असतात आणि नव्या वर्षाचा पहिला हप्ता आलेला नसतो. देणगीदार पैसे हप्त्याने देतात; पहिल्या हप्त्याचा हिशोब गेल्यावर दुसरा हप्ता. कागद वर फिरत राहतात, खाली आभाळ भरून येते. शेजारच्या प्रकल्पाच्या खात्यात पैसे पडून आहेत, महिनाभर तिकडून घेऊ आणि मग परत करू, असे अशा वेळी कार्यकर्त्याला अगदी मनापासून वाटते. वित्त व्यवस्थापकाला तिथे नाही म्हणावे लागते. त्या नाहीचा राग गावात, संस्थेत, कधी विश्वस्त मंडळातही येतो. तो सहन करणे हा या नोकरीचा भाग आहे. हुशार व्यवस्थापक नुसता नाही म्हणून थांबत नाही. तो डिसेंबरातच पुढच्या सहा महिन्यांचा येणाऱ्या-जाणाऱ्या पैशांचा तक्ता मांडतो, एप्रिलमध्ये खड्डा पडणार हे देणगीदाराला आधी कळवतो आणि हप्त्यांच्या तारखा पावसाच्या अंदाजाने बांधून घेतो. ज्या संस्थेकडे स्वतःचा थोडा मोकळा निधी असतो, ती अशा वेळी तरते.

मोकळा निधी साठवण्यालाही मर्यादा आहे. करसवलत हवी असेल तर वर्षाच्या उत्पन्नाच्या 85 टक्के रक्कम उद्दिष्टांवर लावावी लागते; 15 टक्के बाजूला ठेवता येते. त्याहून अधिक साठवायची तर कशासाठी ते ठराव करून आयकर खात्याला आधी कळवावे लागते आणि पाच वर्षांच्या आत त्याच कामी लावावे लागते. देणगीवर करसवलत हवी असणाऱ्या देणगीदाराकडून दोन हजारांहून अधिक रोख चालत नाही. प्रत्येक देणगीदाराचे नाव, पत्ता, पॅन घेऊन 31 मेपर्यंत विवरणपत्र भरावे लागते, तेव्हा कुठे त्याला प्रमाणपत्र मिळते.

परदेशी देणगीची शिस्त याहून कडक. 1976 साली पहिला कायदा आला, 2010 मध्ये नवा आला आणि 2020 च्या दुरुस्तीने तो आणखी आवळला गेला. आता हा पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात येऊ शकतो. तो दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. प्रशासनावरचा खर्च वीस टक्क्यांच्या वर जाता कामा नये. आधी ही मर्यादा पन्नास टक्के होती. पूर्वी मोठ्या शहरातली संस्था परदेशी निधी घेऊन तालुक्याच्या लहान संस्थेकडे पाठवत असे. तो मार्ग बंद झाल्याने तालुक्यातल्या कित्येक लहान संस्थांना आपली पैशांची घडी नव्याने बसवावी लागली.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहावीशी वाटते. निधी देणारे बियाणे, शेततळे, गिरणी यांना पैसे देतात. हिशोबाला देताना हात आखडतो. प्रशासकीय खर्च जितका कमी तितकी संस्था चांगली, असा समज सर्वत्र आहे. पण वर सांगितलेले लॉगबुक, हजेरीपट, ताळमेळ, विवरणपत्रे ही माणसे बसवूनच होतात, आणि त्या माणसांचा पगार या प्रशासकीय खर्चातच मोजला जातो. तालुक्याच्या गावी टॅली येणारा, मराठीत कार्यकर्त्याला समजावणारा, इंग्रजीत अहवाल लिहिणारा आणि उन्हात तलावावर जाऊन मोजमाप पाहणारा माणूस सहज मिळत नाही. मिळाला तर पुण्यातली कंपनी त्याला दुप्पट पगार देऊन नेते. संस्था टिकायची तर या माणसाला योग्य पगार मिळालाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

जे या नोकरीत टिकतात, ते हळूहळू आपले काम गावापर्यंत पोचवतात. बचत गटाच्या सचिव बाईला रोजकीर्द कशी लिहायची हे शिकवतात: जमा डावीकडे, नावे उजवीकडे, रोज संध्याकाळी शिल्लक मोजायची, चूक झाली तर खोडायची नाही, आडवी रेघ मारून शेजारी सही करायची. पाणी समितीला सांगतात की दुरुस्तीसाठी महिन्याला गोळा होणारी वर्गणी कोणाच्या कपाटात ठेवू नका, दोघांच्या सहीचे खाते काढा.

वर्ष संपल्यावर लेखापरीक्षण होते आणि सहा महिन्यांच्या आत अहवाल धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जातो. बारामती-इंदापूरच्या संस्थांसाठी सहआयुक्तांचे कार्यालय पुण्यात आहे. तिथले अभिलेख अर्ज करून, शुल्क भरून पाहता येतात, नकलाही घेता येतात. आपल्या गावात काम करणाऱ्या संस्थेचा हिशोब ज्याला वाचायचा असेल त्याने ताळेबंदाच्या डाव्या बाजूपासून सुरुवात करावी. राखीव निधीचा आकडा मागच्या वर्षीपेक्षा वाढला असेल, तर पैसे आले आहेत पण काम मागे पडले आहे. का पडले ते संस्थेला विचारता येते. मग उजव्या बाजूला कार्यकर्त्यांकडे अडकलेल्या तसलमातीचा आकडा पाहावा. आणि त्यानंतर लेखापरीक्षकाच्या अहवालातली ती प्रश्नावली, जिच्यात हिशोब नियमित ठेवले का, अनियमित किंवा अयोग्य खर्च झाला का, अशा प्रश्नांना एकेका ओळीत उत्तर दिलेले असते. ही उत्तरे सावकाश वाचावीत.